पेडलवरचा पाय

भुताची गोष्ट म्हटली की लोक आधी अमावास्या मागतात. मग पिंपळ मागतात. मग पांढरं लुगडं.

माझ्याकडे यातलं काहीच नाही.

माझ्याकडे आहे वैशाखातली टळटळीत दुपार, मालेगावच्या बाहेर अकोला रस्त्यावरचं एक कडुनिंबाचं झाड, आणि त्याखाली उभा असलेला ट्रक. साल एकोणीसशे शहात्तर. तेव्हा वाशीम जिल्हा झालेला नव्हता, आम्ही अकोल्यात मोडत होतो. वार गुरुवार. दुसऱ्या दिवशी लग्न होतं, म्हणून वार पक्का लक्षात आहे.

ज्याला खोटं वाटेल त्यानं खुशाल खोटं समजावं. मी जिनिंगच्या काट्यावर उभं आयुष्य काढलं. बंडीवरचा कापूस नुसता पाहून त्यात पाणी किती मारलंय ते सांगायचो. माणसांचंही तसंच. तेव्हा हेही तोलूनच सांगतो. जे ऐकलं ते ऐकलं म्हणेन, जे पाहिलं ते पाहिलं म्हणेन.

आणि जे कळलं नाही, ते मला अजूनही कळलेलं नाही.

माझी थोरली बहीण वच्छला. किन्हीराजात दिलेली. तिचे यजमान इंद्रभान भाऊजी ट्रक चालवायचे.

भाऊजी म्हणजे जमेला धाडस आणि खर्चाला जीभ. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा ऐन विशीत होते. वस्तीत दारोदार फिरून देवांचे टाक गोळा केले आणि स्वतःच्या हातांनी नदीत टाकले. त्यानंतर वस्तीत कोणी नुसतं "बाहेरचं लागलं" म्हटलं तरी भाऊजी दारात हजर.

"कुठं हाय भूत? बोलवा त्याले. मले त्याच्याशी बोलाचं हाय."

भूत काही यायचं नाही. त्यामुळे त्या हिशेबात भाऊजी कायम पुढे.

शुक्रवारी त्यांच्या धाकट्या भावाचं, जानरावचं, लग्न होतं. मुलगी पातूरच्या पलीकडची. वऱ्हाड न्यायला ट्रक मिळाला होता भाऊजींच्या मालकाचा, दौलतरावचा. दौलतराव हा एका हातानं देणारा आणि दुसऱ्या हातानं दवंडी पिटणारा माणूस. त्यानं ट्रक दिला हे अख्ख्या मालेगावला माहीत होतं, कारण त्यानंच सांगितलं होतं. ट्रक त्यानं त्याच साली जुना घेतला होता, कुठून तरी लांबून.

ट्रक चांगला होता. फक्त ब्रेक मऊ झाला होता.

पेडल दाबलं की ओल्या चिखलात पाय गेल्यासारखा आत जायचा. पुन्हा मारलं, पुन्हा मारलं, की मग कुठे चाकं धरायची. सपाटीवर हे चालून जातं. पण मेडशीच्या पुढे पातूरपर्यंत घाट आहे, आणि जाताना सगळा उतार. मागे हौद्यात बायका, पोरं, म्हातारी माणसं, आणि खुद्द नवरदेव.

म्हणून ट्रक रज्जाक मिस्त्रीच्या निंबाखाली आला होता. ब्रेकची हवा काढायला.

हे काम कसं चालतं ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

ब्रेकच्या नळ्यांत तेल असतं. त्यात हवा शिरली की पेडल मऊ होतं. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एक वर केबिनमध्ये, एक खाली चाकाशी. खालचा ओरडतो, "मार... मार... धर." वरचा पेडल मारतो, शेवटी दाबून धरतो आणि सांगतो, "धरला." मग खालचा चाकामागचं निप्पल पान्यानं सैल करतो. तेल बाटलीत येतं, तेलाबरोबर हवेचे बुडबुडे येतात. निप्पल पुन्हा आवळलं की खालचा म्हणतो, "सोड." तेव्हाच पाय उचलायचा. आधी उचलला तर काढलेली हवा परत आत.

खालच्याला वरचा दिसत नाही.

वरच्याला खालचा दिसत नाही.

सगळं काम नुसत्या आवाजावर.

त्या दुपारी भाऊजी क्लीनरला घेऊन मांडवाच्या बल्ल्या आणायला किन्हीराजाला गेले होते. माझ्या उजव्या पायाला हे एवढं केस्तूड झालेलं. रज्जाक मिस्त्रीनं माझ्या पायाकडे पाहिलं आणि मला बाद केलं.

"वर कोन बसन आता?"

ताई भाऊजींची भाकर घेऊन आली होती. भाऊजी नाहीत म्हटल्यावर डबा झाडाखाली ठेवून ती म्हणाली, "मी बसतो ना. पेडलच त दाबाचं हाय."

"भाभी, शिलाई मशीन नाई हे."

"मशीनीवर दोन पाय लागते, मिस्त्री. इथं त एकच लागून राह्यला."

मिस्त्री हसला. तसा तो कमी हसणारा. तेलाचा एक थेंब सांडला तर बोट लावून परत डब्यात टाकेल असा. त्यानं ताईला सीटवर बसवलं आणि बोट उगारून सांगितलं,

"एकच कानून हाय. 'सोड' म्हनल्याशिवाय पाय हलवाचा नाई. आसमान कोसळू द्या."

"अन् तुमी खालीच झोपी गेले त?"

"त मी उठेपर्यंत धरा."

मी हसत हसत रस्ता ओलांडून समोरच्या हॉटेलात गेलो. आत चहा सांगून बाहेर बाकावर येऊन बसलो. तिथून ट्रकचं तोंड दिसत होतं, काचेमागे ताईचं डोकं दिसत होतं. पुढच्या चाकाशी मिस्त्रीच्या तेलकट चपला काढून ठेवलेल्या दिसत होत्या.

चपला आहेत म्हणजे माणूस खाली आहे. मी तसंच समजलो. तुम्हीही तसंच समजला असता.

ऊन असं होतं, की रस्त्यावरचं डांबर चाकाला लागून निघायचं. कुत्रंसुद्धा हलत नव्हतं.

थोड्या वेळानं ताईचा आवाज आला.

"धरला."

मग शांतता. मग पुन्हा...

"धरला."

मला बरं वाटलं. बाई कामाला लागली. हॉटेलवाला म्हणाला, "तुमची बहीन डायवर होते का काय आता?" मी म्हणालो, "भाऊजीले घरी बसवते ते."

"धरला."

एक गोष्ट मात्र तेव्हाच माझ्या कानाला टोचली.

मला फक्त ताईची उत्तरं ऐकू येत होती.

"मार" ऐकू येत नव्हतं. "धर" नाही. "सोड" नाही. रज्जाक मिस्त्रीचा आवाज म्हणजे हातोडा. तो खाली बोलला की इथे बाकावर समजायला हवं. मी मनाला सांगितलं, खालचा आवाज जमिनीत जिरत असेल.

मन असं असतं. स्वस्तात समजूत घेतं.

मग एक "धरला" आला, आणि त्यानंतर काहीच नाही.

बराच वेळ नाही.

"धरलाय!" ताई ओरडली. मग जरा चिडून, "मिस्त्री, धरलाय ना!"

काहीच नाही.

आणि तेवढ्यात मशिदीकडच्या रस्त्यानं...

रज्जाक मिस्त्री चालत आला.

डोक्यावर टोपी. दाढी ओली. पायात धुतलेल्या चपला. सावकाश, ऊन चुकवत, भिंतीच्या कडेकडेनं.

मी बाकावरून कधी उठलो ते मला आठवत नाही. मी पोचलो तेव्हा तो ट्रकच्या समोर उभा राहून म्हणत होता, "चाला भाभी, करू सुरू."

"आता कायले सुरू?" ताई वैतागली होती. "तीन चाकं झाली की. चवथ्याचं धरून बसली मी कव्हाची. सोड म्हना ना, पाय सुन्न झाला."

"काय मजाक करता भाभी? म्या सांगूनच गेल्तो, जोहरची नमाज पढून येतो म्हून."

"गेल्ते ना. मंग आले ना. माझा डोळा लागला होता, तुमीच त खालून आवाज देला. मार म्हने."

बोलता बोलता तिची नजर त्याच्या टोपीवर गेली. मग पायांतल्या धुतलेल्या चपलांवर. मग चाकाशी ठेवलेल्या तेलकट चपलांवर.

तिच्या तोंडावरचं रक्त उतरताना मी पाहिलं. हे पाहिलेलं आहे, ऐकलेलं नाही.

"तुमी... खाली नव्हते?"

"मी आत्ता येऊन राह्यलो."

तिनं पाय उचलला नाही.

मिस्त्री समोर उभा. मी त्याच्या बाजूला उभा. तिसरं माणूस त्या निंबाखाली नाही.

"मंग खाली कोन हाय?" ताई म्हणाली.

आणि ट्रकखालून आवाज आला...

खट्.

लोखंडावर लोखंड. पाना निप्पलवर बसतो तेव्हा येतो तसा.

हा आवाज आम्ही तिघांनी ऐकला.

त्यानंतरचा फक्त ताईनं.  ती अगदी हळू म्हणाली,

"तो म्हनते... धर."

रज्जाक मिस्त्रीनं वाकून खाली पाहिलं. मीही पाहिलं.

कोणी नव्हतं.

धुळीत माणूस लोळल्याची खूण नव्हती. मिस्त्री ज्या बारदानावर पडून काम करायचा, ते वर निंबाच्या फांदीला लटकत होतं. पण चौथ्या चाकामागे रबरी नळी लावलेली होती. नळीचं टोक बाटलीत. बाटलीत काळं तेल. आणि निप्पलवर पाना अडकवलेला.

निप्पल उघडं होतं.

"भाभी," मिस्त्रीचा आवाज बदलला होता, "पाय उचलू नका. काई झालं तरी उचलू नका."

तो नेहमीसारखा खाली झोपला नाही. गुडघ्यावर बसला, तोंडानं काहीतरी पुटपुटत राहिला, आणि फक्त एक हात आत घातला. इतका लांबून की खांदा निखळेल असं वाटलं. पाना फिरवला. हात झटकन बाहेर ओढला.

"सोड!"

ताईनं पाय सोडला. तो पाय असा थरथरत होता, की मला तिला धरून उतरवावं लागलं. 

मिस्त्रीनं मग ब्रेकच्या तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं. नळ्यांतलं तेल काढलं की या टाकीतलं तेल उतरतं, वरून नवीन तेल ओतावं लागतं. कोणीतरी ओतावं लागतं.

टाकी काठोकाठ भरलेली होती. स्वच्छ, नव्या तेलानं.

आणि नव्या तेलाचा डबा ताईच्या शेजारी सीटवर होता.

सीलबंद.

भाऊजी दिवस कलता कलता आले. आम्ही सगळं सांगितलं. मी सांगितलं, मिस्त्रीनं सांगितलं. ताई त्यांची भाकर वाढत होती.

"ऊन लागलं तुमाले," भाऊजी म्हणाले. "अन् साळेबुवा, तुमचं केस्तूड डोक्यात गेलं."

"इंद्रभान, हे गाडी नेऊ नको," मिस्त्री म्हणाला.

"बिरेक लागते का नाई?"

"लागते."

"मंग?"

"लागते म्हूनच म्हनतो. ज्या कामाले माझा हात नाई लागला ते काम माझं नाई. त्याची जिम्मेदारी म्या कशी घेऊ?"

"मंग लाव हात. पुन्यांदा काढ हवा. मी बसतो वर."

पुन्हा काढली. या खेपेला मी दोघांना दिसेल असा मध्ये उभा राहिलो. चारही चाकं झाली. नळीतून तेल आलं, पण बुडबुडा एक नाही. हवेचा कणसुद्धा राहिला नव्हता. जिनं केलं होतं... ज्यानं केलं होतं, त्यानं चोख केलं होतं.

भाऊजींनी ट्रक उतारावर नेऊन पाहिला. पाय लावला की जागच्या जागी उभा.

"पाह्यलं?" ते मिस्त्रीला म्हणाले. "तुह्यं भूत तुह्यापेक्षा बरा मिस्त्री हाय."

मिस्त्री हसला नाही.

दुसरी गाडी मिळायला वेळ नव्हता. लग्नसराईत ट्रक म्हणजे सोनं. मी संध्याकाळी ताईला बाजूला घेऊन म्हणालो, तू बोल, तुझं ऐकतील.

"काय बोलू?" ती म्हणाली. "ज्यानं वस्तीच्या मनातून भूत काढलं त्याच्याच बायकोले भूत दिसलं, असं बोलू? मीटिंगीत काय तोंड दाखवतीन ते?" मग पदर खोचून, "मी केबिनीत बसतो उद्या. बाकी जे होईन ते होईन."

सकाळी वऱ्हाड निघालं. नवरदेवाची आई केशरबाई हौद्यात बायकांच्या मधोमध बसली, राणीसारखी. सुनेनं केबिनमध्ये बसायचं म्हटल्यावर तिनं टोमणा मारला, "लगन जानरावचं हाय का तुमचं दोघायचं?" सगळ्या बायका हसल्या. ताईही हसली. पण तिचं हसू मी तोललं, त्यात वजन नव्हतं.

केबिनमध्ये भाऊजी, मध्ये ताई, दाराशी मी.

मेडशी गेलं. घाट लागला. मागे बायकांची गाणी सुरू. ऊन अजून कोवळं होतं. ब्रेक असा लागत होता, की भाऊजी माझ्याकडे पाहून भुवया उडवत होते.

एका वळणावर शेळ्यांचा कळप आडवा आला. भाऊजींनी ब्रेक दाबला. ट्रक थांबला. शेळ्या गेल्या, मागून शेळ्यावाला गेला.

भाऊजींनी पाय उचलला.

पेडल वर आलं नाही.

त्यांनी गिअर टाकला. इंजिन कण्हलं आणि बंद पडलं. चाकं जागची हलली नाहीत. त्यांनी पेडलखाली पायाचा अंगठा घालून वर ओढलं. हातानं ओढलं.

"काई अडकलं असन," ते म्हणाले.

काही अडकलेलं नव्हतं. मी वाकून पाहिलं. पेडल तळाला टेकलेलं होतं, आणि...

थरथरत होतं.

दमलेला पाय थरथरतो ना, तसं. आदल्या दिवशी ताईचा थरथरत होता, अगदी तसं.

मागची गाणी थांबली. केशरबाईनं केबिनवर थाप मारली, "काय झालं रे इंद्रभान?"

 तेवढ्यात केबिनमध्येच, अगदी कानाशी, आवाज आला...

"धरला."

आवाज ताईचा होता.

भाऊजी तिच्याकडे वळले. "काय म्हनली?"

मी तिच्या तोंडाकडेच पाहत होतो. ओठ मिटलेले होते. दात घट्ट आवळलेले होते.

तिनं नुसती मान हलवली. नाही.

आमच्या मागे, वरच्या वळणावरून, हॉर्न वाजला. भरलेला ट्रक उतरत होता. त्याला आम्ही वळणाआड दिसणार नव्हतो. दिसलो असतो तेव्हा उशीर झाला असता. आणि मधे हौद्यात वऱ्हाड.

ताई खाली वाकली. त्या रिकाम्या पेडलजवळ तोंड नेलं. आणि लहान पोराला म्हणावं तसं म्हणाली,

"सोड."

पेडल वर आलं.

एकदम नाही. सावकाश. दमलेल्या माणसानं पाय काढून घ्यावा तसं.

ट्रक पुढे सरकला. भाऊजींनी इंजिन लावलं. आता पुढचा उतार होता, आणि त्या पेडलवर पाय ठेवणं भाग होतं. मी जन्मात पुष्कळ धाडस पाहिलं, पण भाऊजींनी त्या वेळी पाय ठेवला ते सगळ्यांत जड. त्यांनी आधी बोटांनी चाचपलं. तिथे आधीच कोणाचा पाय आहे का, ते पाहावं तसं.

त्यानंतर घाटात भाऊजी ब्रेक दाबायचे आणि ताई "सोड" म्हणायची. म्हटलं की पेडल वर यायचं. मागे बायकांची गाणी पुन्हा सुरू झाली होती. मागचा ट्रक आम्हाला गाठत आला होता, हॉर्नवर हॉर्न मारत होता. त्याचा ब्रेक कसा होता देव जाणे. आम्हाला थांबून चालणार नव्हतं.

शेवटच्या मोठ्या वळणावर भाऊजींनी ब्रेक दाबला आणि ताईला ठसका लागला.

घसा कोरडा पडला होता. ती खोकतेय, हातानं खुणावतेय, शब्द फुटत नाही. ट्रक उभा. पेडल तळाला. मागचा हॉर्न आता डोक्यावर आलेला. मी तोंड उघडलं, पण खोटं कशाला सांगू, माझ्या तोंडातून हवासुद्धा निघाली नाही.

तेव्हा भाऊजी बोलले.

समोर रस्त्याकडे पाहत. आमच्या कोणाकडे न पाहता.

"सोड बाप्पा," ते म्हणाले. "सोड."

पेडल वर आलं.

भूत भेटलं तर मला त्याच्याशी बोलायचं आहे, असं वीस वर्षं म्हणणाऱ्या माणसाला प्रत्यक्षात एवढंच बोलणं झालं.

घाट उतरला. ट्रक बाजूला घेतला. मागचा भरलेला ट्रक धडधडत पुढे गेला, त्याचा ड्रायव्हर आम्हाला शिव्या देत गेला. त्या शिव्या मला आशीर्वादासारख्या लागल्या.

लग्न झालं. वेळेवर झालं. केशरबाई सगळ्यांना सांगत होती, "माह्या इंद्रभाननं कशी फुलासारखी गाडी आनली." आम्ही तिघं एकमेकांकडे न पाहता जेवलो. येताना वऱ्हाड बसनं आलं. ट्रक भाऊजींनी एकट्यानं आणला. वाटेत काय झालं ते त्यांनी ताईला सांगितलं नाही, मलाही नाही.

पुढे मी एकदा दौलतरावला सहज विचारलं. "मालक, हा ट्रक घेतला कुठून हो तुमी?"

त्याच्या तोंडात पान होतं. चघळणं थांबलं.

"खाली कोनी नव्हतं," तो म्हणाला. "म्या सगळं इचारूनच घेतला होता."

मी नुसतं कुठून घेतला, एवढंच विचारलं होतं.

'खाली' हा शब्द मी काढलाच नव्हता.

महिनाभरात त्यानं तो ट्रक विकला. कोणाला, ते मात्र या खेपेला त्यानं कोणालाच सांगितलं नाही.

रज्जाक मिस्त्री त्यानंतर ब्रेकचं काम करायचा ते एका पद्धतीनं. खाली शिरण्याआधी ओरडायचा, "वर कोन?" वरच्यानं नाव सांगायचं. मग वरच्यानं विचारायचं, "खाली कोन?" तो म्हणायचा, "रज्जाक." मगच पहिला "मार". त्याच्या हाताखाली शिकलेले लोक आजही तसंच करतात. का, ते त्यांना माहीत नाही. मिस्त्रीची पद्धत होती म्हणतात.

भाऊजींनी पुढे पुष्कळ वर्षं दुसऱ्या गाड्या चालवल्या. भूत नाही हे ते शेवटपर्यंत सांगत राहिले, मीटिंगीत सगळ्यांत मोठ्यानं. मी त्यांच्या शेजारी अनेकदा बसलो. उतारावर ब्रेक दाबला, की पाय उचलण्याआधी त्यांचे ओठ किंचित हलायचे.

मी एकदा चिडवलं, "भाऊजी, काय पुटपुटून राह्यले?"

"सवय हाय," ते म्हणाले. आणि मोकळ्या रस्त्यावर उगाच हॉर्न वाजवला.

ते गेले, आपल्या अंथरुणात, शांतपणे. रज्जाक मिस्त्रीही गेला. राहिलो मी आणि ताई.

हे सगळं आता लिहायला कारण घडलं. ताईच्या नातवानं नवा छोटा ट्रक घेतला. त्याच्या ब्रेकचं काम निघालं, म्हणून अकोल्याच्या वर्कशॉपात गेलो होतो. ताईला डॉक्टरकडे दाखवायचं होतं, म्हणून ती सोबत होती. नातू मोठ्या कौतुकानं सांगत होता, आजी, याच्यात एबीएस आहे. जोरात ब्रेक मारला तर गाडी स्वतःच पकडते, स्वतःच सोडते, चाक घसरत नाही. पेडल पायाखाली थरथरतं, पण घाबरायचं नसतं.

"थरथरते?" ताईनं विचारलं.

"हो. मशीनच करते ना सगळं."

तिथल्या मेकॅनिकनं केबिनमध्ये एक छोटा डबा जोडला. बटण दाबलं. खाली घर्र घर्र आवाज सुरू झाला. चाकामागच्या नळीतून तेल आणि बुडबुडे बाटलीत यायला लागले.

केबिनचं दार उघडं होतं. सीट रिकामी होती.

ताई काठी टेकत दाराजवळ गेली. बराच वेळ त्या रिकाम्या सीटकडे पाहत राहिली. मग मेकॅनिकला म्हणाली,

"बावा, मारते मशीन. धरते बी मशीन. पन सोड कोन म्हनते?"

तो पोरगा हसला. नातूही हसला. म्हातारी माणसं काहीही विचारतात.

ताई हसली नाही. तिनं केबिनमध्ये डोकं घातलं, खाली पेडलकडे वाकली, आणि हळूच एक शब्द बोलली.

पेडल हललं की नाही, ते मला विचारू नका.

जन्मभर काट्याकडे नजर लावून बसलेला माणूस मी. पण त्या वेळी मी मुद्दाम रस्त्याकडे तोंड करून उभा होतो.